सतरा नंबर, मंगळवारी

बाकीचे दिवस मी पोरांना शाळेत सोडते.
मंगळवारी उलट. शाळेपाशीच उचलते
आणि फ्योर्डच्या कडेकडेनं, नऊ वळणं घेत,
आधी प्रशिक्षण केंद्र, तिथून जहाजांची गोदी.
नगरपालिकेच्या पत्रकात या रस्त्याला
काहीतरी भारदस्त नाव आहे.
माझ्यासाठी ती सतरा नंबर.

ऑक्टोबरात साडेसातला उजेड नसतो.
आरशात बारा चेहरे, अर्धे झोपेत,
आणि कुणाच्या तरी डब्यातल्या तपकिरी चीजचा वास.
योरुन माझ्या मागच्याच सीटवर बसते.
तिनं जोडलेली पहिली पट्टी
गोदीतल्या ओस्मुननं करवतीनं मधोमध कापली,
आतली पोकळी दाखवली,
आणि एक शब्द न बोलता तिच्या हातात परत ठेवली.
ते दोन तुकडे अजून तिच्या खिशात असतात.
वळणावर दांडीला लागून टण् वाजतात.
आताशा ओस्मुन तिचं काम कापत नाही.
नुसतं बोट फिरवतो आणि पुढच्याकडे वळतो.
हे मला सांगताना
ती आवाज मुद्दाम साधा ठेवते.

माझ्या वेळी शाळा टेकडीवर होती,
काम खाली धक्क्यावर,
मधे बर्फ.
वडील मासळीच्या कारखान्यात. त्यांनी शब्द टाकला असता
तर मी चिकटले असते,
पण कुलूप आधी लागलं
आणि शब्द त्यांच्या तोंडातच राहिला.

नोव्हेंबरात करारांवर सह्या झाल्या.
गोदीनं जागा दिल्या अकरा.
उरला आइलिफ.
रागन्हिल्डबाईंनी बावीस फोन केले.
सुतार म्हणाला, वसंतात बघू.
बर्फाचा कारखाना म्हणाला, मुलगा चांगला आहे,
आणि तिथेच थांबला.

पुढच्या मंगळवारी तो तरीही चढला.
मी विचारलं नाही.
गोदीपाशी अकरा उतरले. तो बसून राहिला,
काचेवरच्या वाफेत बोटानं बोल्ट काढत,
आट्यांसकट.
मी गाडी सरळ डेपोत नेली.

डेपोत हालस्टाइन. एकोणीस वर्षं एकटा,
पाना कुणाच्या हाती न देणारा.
म्हणाला, आम्ही शिकाऊ घेत नाही.
मी म्हटलं, माझा ब्रेक किंचाळतो,
मार्चपासून सांगतेय, तू म्हणतोस वेळ नाही.
हा घे वेळ. वय सतरा.
तो हसला नाही.
पोराचे हात मात्र उलटसुलट करून पाहिले,
बाजारात मासा पाहतात तसे.

कागदाला तीन आठवडे लागले.
शाळेचा शिक्का, केंद्राचा शिक्का,
आणि हालस्टाइनची सही,
तेलकट अंगठ्यानं त्यानंच अर्धी पुसलेली.

सगळं गोड झालं असं नाही.
जानेवारीत आइलिफनं भलतंच तेल ओतलं,
नऊ नंबर दोन दिवस जागची हलली नाही,
हालस्टाइनची शिवी फेरीबोटीपर्यंत ऐकू गेली.
आणि योरुन म्हणते, सनद हातात पडली
की ती दक्षिणेला जाणार, तिकडे पगार बरा आहे.
ओस्मुनला अजून माहीत नाही.
रस्ता दोन्ही दिशांनी जातो,
हे तेवढं पत्रकात छापायचं राहून गेलंय.

काल अकरा जण उतरल्यावर
डेपोच्या उतारावर, सातव्या वळणाला,
मी ब्रेक दाबला.
आवाज आला नाही.
मागे आइलिफ खिडकीबाहेर बघत होता,
जणू त्याचा काही संबंधच नाही.
दात मी सवयीनं
आवळून धरले होते.