तुडुम

ग्रामपंचायतीच्या कपाटावर, जन्म-मृत्यूच्या वहीशेजारी
साकोलीचा पोरगा नवा राउटर बसवून गेला.
जाताना म्हणाला, नियम तुम्हीच टाका ताई,
मला अजून तीन गावं आहेत.

युजर अॅडमिन, पासवर्डही अॅडमिन,
म्हणजे कुलूप लावून किल्ली कुलपातच.
आधी ते बदललं.
बाहेरून लॉगिन: बंद.
मग जुन्या यंत्राचा लॉग उघडला, तर रात्रभराच्या नोंदी.
कुठल्या कुठल्या मुलखातल्या पत्त्यांवरून
कोणी बावीस नंबरचं दार ढकललेलं,
मग तेवीस नंबरचं,
परत बावीस.
धान पिवळं व्हायला लागलं की डुकरं अशीच येतात,
कुंपणाला नाक लावत लावत.
बांधी कोणाची, हे त्यांना कुठं ठाऊक असतं.

आता आतलं.
गावात रेष एकच येते
आणि उपकेंद्रातल्या मेश्राम सिस्टरच्या लसींच्या नोंदी
एकच्या आत चढल्या पाहिजेत.
रेशनचं मशीन अंगठा तीनदा नाकारतं, रांग उन्हात.
शाळेचा पडदा. तलाठ्याचे नकाशे.
आणि पायरीवर बसून रील बघणारी पोरं,
ज्यांना पासवर्ड माझ्याआधी कळतो.

सुकराममामा चाळीस वर्षं तलावाचा पाणकर होता.
त्याची बांधी तुडुमाच्या अगदी तोंडाशी,
हात लांबवला तरी भिजेल इतकी.
पण पाणी आधी शेपटाला, पार टोल्याकडच्या शेवटच्या धुऱ्यापर्यंत,
मग मधल्यांना,
मग त्याला, उरलं तर.
एका साली उरलं नाही.
त्या साली त्याच्याशी कोणी भांडलंही नाही.

मी तसंच लिहिलं.
पहिली सिस्टर, दुसरं रेशन, तिसरी शाळा, चौथा तलाठी,
पोरांना रात्री नऊनंतर, बारीक धार.
मग: बाकी सगळ्यांना मनाई.
आणि त्याच्याही खाली, सगळ्यांच्या शेवटी,
माझं टेबल.

जतन करा.

गोल फिरला, फिरतच राहिला.
राउटर वरून खाली वाचतो,
आणि मनाईपाशी आला की पुढं वाचत नाही.
मी मनाईच्या खाली होते.

नेमका तेव्हा मामा दारात,
हयातीचा दाखला पाहिजे म्हणून.
काय झालं वं?
कोंडून घेतलं, मामा. बाहेर.
सगळं सांगितलं त्याला, पोर्ट सोडून.
तो हसला, वरचे दोन दात आणि बाकी हिरड्या.
"म्या बांधी मांगं ठेवली होती, बाई.
तुडुमाचा दट्ट्या नाई.
दट्ट्या माह्याच हाती राहे."

बांगडीतली सेफ्टी पिन काढली,
राउटरच्या पाठीवरच्या भोकात घातली, दहा मोजले.
सगळे दिवे गेले.
रेशनच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं,
पायरीवरून एक पोरगा आत डोकावला आणि मला बघून परत गेला.
दिवे आले. पुन्हा अॅडमिन, पुन्हा अॅडमिन.
गावाला काही मिनिटं दारच नव्हतं.

दुसऱ्यांदा लिहिलं.
नियम पहिला: या टेबलावरून फक्त राउटरची खोली उघडेल,
बाकी काही नाही.
दट्ट्या.
मग सिस्टर, रेशन, शाळा, तलाठी, पोरं,
मग माझं टेबल, जगाकडं जाण्यासाठी,
आणि सगळ्यात तळाशी मनाई.

जतन झालं.
मेश्राम सिस्टरचा फोन आला, चढतंय म्हणून.
बाहेर अंगठे लागू लागले, एकामागं एक.

माझ्या पडद्यावर दाखल्याचं पान अर्धं उघडून थांबलंय.
मामा बाकावर टेकलाय, काठी गुडघ्यांत धरून,
जिवंत आहे असं मी छापून द्यायची वाट बघत.
माझा नंबर शेवटचा, म्हणून त्याचाही.
मधूनच विचारतो,
शेपटापावत पोचलं का पानी?