चोरखिसा

नेमगोंडा अण्णांनी रुमाल सोडला
माझ्या कात्रीशेजारी,
म्हणाले, हिला एक खिसा शिव, बंडोपा.
बाहेरनं दिसायला नको.
चोरखिसा, मी म्हटलं.
"चोरासाठीच," अण्णा म्हणाले.

निपाणीत चाळीस वर्षं मी टेप टाकतोय.
वखारवाल्यांची सुटलेली पोटं,
नवरदेवांचे आखडलेले खांदे,
सगळी मापं वहीत आहेत.
हिच्यापुढं मात्र टेप पुढं जाईना.
मग कागदावर ठेवून खडूनं गिरवली,
तान्ह्या पोराचं पाऊल गिरवतात तशी.

आखूड नळी. पाच घरं.
सहावं कुठं गेलं, मी विचारलं.
"जाडी कमी करायला काढलं.
लपायचं तर कायतरी सोडावं लागतंय की."

रात्री न जेवणारा, पाणी गाळून पिणारा माणूस.
संकेश्वर, हुक्केरी, चिकोडी,
वसुलीची पिशवी आणि तवंदी घाटातला अंधार.
बेळगावच्या साहेबानं परवाना दिला तो कन्नडात,
अण्णांनी मला सांगितला मराठीत,
मी तो शिलाईत उतरवला.

गुण सांगत होते, चहा निवेपर्यंत:
पंजात मावते.
अडत नाही, रुसत नाही,
वर्षभर ट्रंकेत पडली तरी ऐनवेळी ओळख देते.
आणि अवगुण?
हसले. "लांबचं हिला दिसत न्हाई.
तुझ्या उंबऱ्यापलीकडं
नेम म्हणजे नुसता नवस.
हलकी म्हणून घेतली, तर हलकीच जास्त लाथ मारती."

मला दिसले ते अवगुण कापडाचे.
डावीकडं वजन आलं की जाकीट तिरकं लोंबतं,
धडधाकट माणूस लंगडल्यासारखा दिसतो.
तोल साधायला उजव्या अंगाला अडकित्ता ठेवायला सांगितला.
आत खादीचं दुहेरी अस्तर,
घोड्यात दोरा अडकू नये म्हणून सगळे टाके उलटे.
चैत्रात काय करणार अण्णा?
जाकीट काढलं की लपवणार कुठं?
"उकडून घेईन."

तीन महिन्यांत खिशाची कड विरली.
बार एकही नाही,
नुसता हात.
बँकेत, बस्तीत, लग्नाच्या पंगतीत
घटकेघटकेला हात तिथं जाऊन यायचा,
आणि गावाला कळलं
अण्णांनी काय लपवलंय, आणि कुठं.
मी रफू केलं. कडेला चामडं लावलं.
त्याचे पैसे घेतले नाहीत.

मग निवडणूक लागली.
परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा.
अण्णा पावती घेऊन थेट दुकानात:
"जाकीट अंगावर बसंना बंडोपा, वाऱ्यानं उडतंय."
जुन्या मशीनचा एक बिडाचा तुकडा होता,
रुमालात गुंडाळून खिशात सोडला.
अर्धा किलो, थोडं कमीच.

तवंदी घाटात, दिवेलागणीनंतर,
दोन पोरं मोटारसायकल आडवी लावून उभी.
एकाच्या हातात काहीतरी चकाकलं.
अण्णांचा हात गेला.
किती झटक्यानं गेला ते त्यांनी मला
दुकानात उभं राहून करून दाखवलं, दोनदा.
पोरगं म्हणालं,
"अण्णारं, इल्ले पेट्रोल सिगतैतेन्री?"
रिकामी बाटली होती.
आणि अण्णांच्या मुठीत माझं लोखंड.

त्यापुढं ते बोलले नाहीत.
मी पायटा हलवत राहिलो,
सुईत दोरा नव्हता तरी.

निकाल लागला. ती परत आली,
तेलपाणी करून, त्याच रुमालात.
अण्णांनी जाकीट काढून दिलं.
वाटलं, खिसा उसवायला सांगतील.
म्हणाले, "दोन इंच खोल कर.
हाताला पोचायला जरा वेळ लागू दे."

केला खोल.
दोन इंच म्हणजे किती वेळ,
ते माझ्या टेपवर नाही.