बारीक होत गेलेलं अक्षर

पहिल्यांदा लक्षात आलं काकतीच्या खताच्या दुकानावर.
'श्री' एक फुटाचं, 'कलमेश्वर' नऊ इंचांचं,
आणि 'कृषी सेवा केंद्र' म्हणता म्हणता
शेवटचा 'द्र' पोस्टकार्डावर मावेल एवढा.
मालक म्हणाला, यल्लाप्पा, जागा उरली की रे एवढी.
मी म्हटलं, फोन नंबरला ठेवलीय.

चाळीस वर्षं या हाताला पट्टी लागली नाही.
कन्नडची वळणं लाडवासारखी, गोल,
मराठीला डोक्यावर तुळई.
कुठली भाषा वर, कुठली खाली, कुठली किती मोठी,
यावरून गावात दगड पडले;
मी दोन्हींचे पैसे इंचावर घेतले.

मग मान ताठली, चालताना डावा हात हलेना,
आणि बसलो की उजवा थांबेना.
गोळ्या सुरू झाल्या. नाव कळलं: पार्किन्सन.
चंद्राक्का अजून त्याला 'पारशी' म्हणते.

डॉक्टर वनजाक्षी हुक्केरी माझ्या धाकटीच्या वयाची.
अभ्यासाचा कागद तीन भाषांत, मी मराठी वाचला:
'यातून आपल्याला थेट फायदा होणार नाही.'
एवढं स्वच्छ वाक्य
मला कुठल्या दुकानदारानं लिहायला दिलं नव्हतं.
सही केली. 'मुचंडी' दिसलं, 'कर' मुंगीनं नेलं.

आधी रक्त घेतलं. काहींच्या पेशींना म्हणे
उपजतच ती खूण नीट धरत नाही,
तेलकट भिंतीला डिस्टेंपर धरत नाही तशी.
मला धरते.

खूण हुबळीहून गाडीनं येते, शिशाच्या डब्यात,
दर एकशे दहा मिनिटांनी अर्धी होत.
पहिल्या खेपेला कित्तूरजवळ ट्रक आडवा झाला,
उपाशीपोटी घरी परत.
दुसऱ्या खेपेला वेळेत आली.
रंग वाळायच्या आत काम उरकायचं, हे मला कुणी शिकवायला नको.

"आता हलायचं नाही."
हसू आलं. अहो, रिकामा असला की तर हलतो हा,
ब्रश द्या, गप होतो.
डोक्याला जाळीचा मुखवटा, हाताला पट्टा.
यंत्र काही बोलत नव्हतं.
मी छतावर मनातल्या मनात 'अ' काढला,
दीड फुटी, पिवळ्यावर काळा.

नंतर पडद्यावर माझं डोकं, आतून.
खोल मध्यभागी नारिंगी पसरलेलं,
घाईत कुणी पुसायचं विसरलेलं.
"मेंदूत राखणदार पेशी असतात," ती म्हणाली,
"मेलेलं उचलतात, साफ करतात.
कधी कधी काम संपलं तरी घरी जात नाहीत.
तिथं..." आणि शब्द शोधत राहिली.
सूज म्हणावं तर थोडं पडतं,
जळजळ म्हणजे पित्ताची गोळी.
शेवटी म्हणाली, "उरियूत."
मला लगेच पोचलं.
कन्नडात 'उरि' म्हणजे आग,
आमच्यात 'उरी' म्हणजे काळजाशी.
दोन्हीकडून वाचता येईल असा बोर्ड
मी इतक्या वर्षांत काढला नव्हता.

विचारलं, आगीनं पेशी मेल्या, की मेल्या म्हणून आग?
ती खुर्ची ओढून समोर बसली.
"तेच तर माहीत नाही, मामा.
म्हणून साठ डोकी हवीत,
आणि दोन वर्षांनी परत तीच साठ."
सगळी येतील का, हे मी विचारलं नाही.
तिनंही खिडकीकडं पाहिलं,
बाहेर तिसऱ्या गेटवर गाडी जायची होती,
फाटक पडलेलं.

निघताना दारावरचा फ्लेक्स दिसला: 'शातंता राखा'.
कन्नड ओळ बरोबर होती, मराठीचं टिंब
एक घर पुढं गेलेलं.
नर्सकडून पेन मागितलं, जाड, काळं.
चुकलेलं टिंब नखानं खरवडलं,
'शा'वर पेन टेकवलं. हात थांबला होता.
टिंब अजून जमतं,
ते बारीकच हवं असतं.

पेन परत दिलं, हात खिशात घातला.
तिथं तो सुरू झाला.