मडगार्ड

कंपनीनं दिलेलं प्लास्टिकचं पातं
बॅटरीच्या सायकलला बसलंच नाही मागं.
चाकाच्या पोटात मोटर, जागा खाऊन बसलेली,
दांड्या आखूड.
'स्वल्प तडीरी अक्का,' म्हणून फकीराप्पा आत गेला
तो अर्ध्या तासानं पत्र्याचा तुकडा घेऊन आला,
कुठल्यातरी दुकानाच्या जुन्या पाटीचा.

मी खासबागेत रस्त्याकडेला उभी,
खांद्याला रक्ताच्या नळ्यांचा डबा,
येळ्ळूरच्या शिवारातली काळी माती
कमरेपासून मानेपर्यंत रेघ होऊन वाळलेली.
सकाळी दंड पुढं करत दड्डीकर मास्तर म्हणाले होते,
'बाई, तुमचा मणका बाहेर आलाय की!'

दहाचा पाना. दोन वायसर.
वायर पत्र्याला घासू नये म्हणून
जुन्या ट्यूबची पट्टी, वर काळी टेप.
कॅरियर त्यानं हातानं दाबून बघितलं,
मग स्वतःच बसला त्यावर, नव्वद किलोचा.
'रक्ताला वजन किती असतंय?'
म्हटलं, नळीत तीन मिली.
हसला नाही. अजून एक नट आवळला.

पत्र्याची रंगवलेली बाजू चाकाकडं.
तिथं अर्धं अक्षर उरलंय,
ठ असेल, नाहीतर कानडी र, डोकं कापलेला.
विचारलं तर म्हणाला,
'चिखलाला वाचायला येतंय काय?'

आता सहाला निघते. पाठ कोरडी.
रविवारी पाइपानं चाक धुताना
माती सुटते, गोल दिसतो,
तिथं धार जरा जास्त वेळ धरते मी.

घंटी तेवढी राहिलीय बसवायची.