मागचा आरसा

गिऱ्हाईक उठायच्या आधी
मागून एक आरसा धरायचा असतो.
बापानं शिकवलेलं शेवटचं काम.
माणसानं आपलीच पाठमोरी बाजू
दोन आरशांत क्षणभर बघायची,
मान हलवायची, पैसे द्यायचे.

गंगावेशीत तेवीस वर्षं मी तो आरसा धरतोय.
कट्ट्यावरनं धारोष्ण दूध पिऊन आलेली माणसं,
मिशीला अजून फेस,
डोकं माझ्या हवाली करून डोळे मिटतात.
कुणाचं कपाळ दरसाल बोटभर मागं सरतं,
कुणाचा भोवरा रुंदावतो,
त्यांच्या बायकांच्या आधी मला कळतं.
विचारलं तरच सांगतो:
हे सावकाश जाणारं, घराण्यातनं आलेलं,
सातबाऱ्यावर नाव चढावं तसं.
माझंही तसंच गेलं.

पण हर्षद चौगुलेच्या कानामागं
त्या दिवशी मशीन थांबलं.
रुपयाएवढी जागा. गुळगुळीत.
ना कोंडा, ना खाज, ना लाली.
कुणी अंगठ्यानं पुसून घ्यावी तशी.
सोळा वर्षांचं पोर, राधानगरीकडचं,
मागं बाकावर त्याच्याच तालमीतले चौघं
एक पेपर चौघांत वाचत बसलेले.

आरसा हातात होता.
धरला, तर त्याला दिसणार, चौघांना दिसणार,
आणि संध्याकाळपर्यंत गल्लीत होणार
की ह्याच्याच वस्तऱ्यानं दिलं.

मी धरला नाही.
"झालं," म्हणालो.
तो गेला.

रात्री शालनला सांगितलं. ती भाकरी थापत होती.
थापायची थांबली नाही.
मागं तिला टायफॉईड झालेला. ती उठली, हिंडू-फिरू लागली,
आणि तिसऱ्या महिन्यात
न्हाणीच्या जाळीत केसांचा पुंजका अडकू लागला.
मी, केसांवर जगणारा माणूस, म्हणालो होतो: तेल बदल.
ती एकटीच सीपीआरला गेली, केसपेपर काढून रांगेत बसली.
डॉक्टरीणबाईंनी डोक्याला हात लावायच्या आधी विचारलं,
"तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं?"
केसांना बातमी उशिरा कळते म्हणे.
ताप, बाळंतपण, उपासमार, घरातलं मरण,
सगळ्याची पोच ते तीन महिन्यांनी देतात.
रक्त तपासलं, लोहाच्या गोळ्या दिल्या.
वर्षानं तिच्या कपाळावर
बाळाच्या जावळासारखी लव उभी राहिली.

तव्यावरची भाकरी उलटत ती म्हणाली,
"माझ्या डोक्याला तरी
आरसा कुणी धरला होता?"

तरी मी आठवडा काढला.
तालमीत गेलो तेव्हा एकाचे तीन रुपये झालेले,
आणि कुणीतरी लसूण चोळून
मधल्यावर फोड आणलेला.
पोरगं टॉवेल डोक्यावर घेऊन कोपऱ्यात बसलेलं.
त्याला मातीत कुणी घेत नव्हतं.

मंगळवारी मी दुकान बंद ठेवलं.
त्याच बाई. आता चष्मा जाड झालाय.
भिंग लावलं, नखं बघितली, भुवया बघितल्या.
"चाई," म्हणाल्या. "ही एकाची दुसऱ्याला लागत नाही.
पहारेकरीच आपलं घर परकं समजतो, तसलं काहीतरी.
खपल्या असत्या, खाज असती, केस तुटके असते,
तर नायटा समजून सगळ्या तालमीला बोलावलं असतं."
मग माझ्याकडं बघून:
"अचानक गेलेलं, ठिकठिकाणी गेलेलं,
दुखणारं, पिकणारं, इथं आणायचं.
लसणीच्या आधी."
"केस येतील का?" हर्षदनं विचारलं.
"बहुतेक येतील. कधी, ते मी लिहून देत नाही."

वस्तादांना मी स्वतः सांगितलं.
त्यांनी माझ्या वस्तऱ्याकडं बघितलं, मग पोराकडं,
आणि मुठीभर माती घेऊन
त्याच्या खांद्याला लावली.

पाच महिने झाले.
दोन जागा अजून तशाच आहेत. तिसरीत
चार केस आलेत, पांढरे.
"म्हातारा झालो काय मी?" खुर्चीत बसून तो हसतो,
आणि मी विसरलो तर आठवण करतो,
"मागनं धरा की."

मी धरतो. थोडा तिरका,
रस्त्यावरचा उजेड त्या चौघांवर पडेल असा.