समासात लिहू नये

आमच्या वाचनालयात, साखर पेठेत,
दाखल क्रमांक सात हजार तीनशे चौदा
हे एका फोटोग्राफरचं पुस्तक आहे.
समुद्राकाठचं कुठलंसं शहर, परक्या फौजेनं बळकावलेलं.
रात्रीतून पळून जाऊ पाहणाऱ्यांना
तो खोटे परवाने करून द्यायचा.
आधी फोटो काढायचा, मग दागिने तोलून घ्यायचा,
मग तळघराचा दरवाजा दाखवायचा :
'इकडून. बोटीकडे.'
बोट नव्हती.
सगळं खरं घडलेलं, असं मलपृष्ठ म्हणतं.

समासात लिहू नये, ही पाटी मीच रंगवलेली.
तरी लोक लिहितात.
पुस्तक परत आलं की मी खोडरबर घेऊन बसतो
दुसऱ्या पाळीचा भोंगा होईपर्यंत.

पान एकोणीस : 'लई लांबण. खुनी कोण ते आधीच कळतं.'
हे अक्षर चिप्पाचं, चादरीच्या कारखान्यात जॉबर.
त्याला रहस्य सुपारीसारखं लागतं,
शेवटच्या पानापर्यंत गालात पुरलं पाहिजे.

पान ब्याऐंशी, हिरवी शाई :
'तपास ढिसाळ. पंचनाम्यावर वेळ नाही.'
म्हणजे खैराट साहेब, निवृत्त फौजदार.
खाली पेन्सिलीनं, मुंगीएवढ्या अक्षरात, कुणीतरी :
'साहेब, हे पोलीस तेव्हा कुणाचा पगार खात होते?'
पुढच्या पानांवर हिरवी शाई
कुठेच नाही.

वर्तमानपत्राच्या टेबलावर रोज वाद.
शाहीन, एम.ए.ला आहे, म्हणते
खुन्याला लेखकानं एकशे चाळीस पानं दिली,
त्याची भूक, त्याचे बूट, त्याची आई;
आणि मेलेल्यांना मागं परिशिष्ट.
चिप्पा म्हणतो, मग काय मेलेल्यांवर शिनिमा निघतो का बे?
बाहेर त्रेचाळीस डिग्री. पंखा गरम हवाच ढवळतोय.

इरण्णा कोनापुरे कधी बोलत नाहीत.
त्या दिवशी चष्मा काढून पुसत बसले, मग म्हणाले,
आमच्या आज्याचा धाकटा भाऊ मार्शल लॉत गेला.
गोळीनं गेला म्हणायचे घरात.
फोटोला दर मे महिन्यात हार.
मी मिसरूड फुटल्यावर आत्यानं सांगितलं,
गोळी नव्हे रे. विहीर.
सुताच्या धंद्यातल्या भागीदारानं ढकललं.
रस्त्यावर फौज होती, एका मड्याची चौकशी कोण करणार?
गोळीचं नाव सांगितलं, सगळ्यांची सोय झाली.
भागीदाराचीसुद्धा.

मग? शाहीननं विचारलं.
मग काय. हार घालतो अजून.
आता कुणाला सांगू, फुलं कशाची आहेत ते?

नरसम्मा पुस्तक नेत नाही.
विड्यांची पाटी देऊन येताना पंख्याखाली टेकते,
मराठी अक्षर तिला जोडून जोडून वाचावं लागतं,
म्हणून मधली चकचकीत पानं तेवढी उलटते.
परवान्यासाठी काढलेले ते फोटो,
तळघरात काचांवर सापडलेले.
एका बाईवर बोट ठेवून म्हणाली,
'बघ की अण्णा, केस आत्ताच विंचरल्यात हिनं.
गावाला जायचं म्हणून.'
तंबाखूनं पिवळं पडलेलं बोट
तिनं लगेच उचललं,
डाग पडेल म्हणून.

ती गेल्यावर मी टोक केलेली पेन्सिल घेतली
आणि त्या फोटोशेजारी, समासात, लिहिलं :
केस आत्ताच विंचरलेत.
वर पाहिलं तर पाटी माझ्याच अक्षरात.

काल खैराट साहेबांनी पुस्तक पुन्हा मागितलं.
घरी नेलं नाही. इथंच बसले, ब्याऐंशी उघडून.
बऱ्याच वेळानं हात पुढे केला,
'रबर आहे का?'
मी सरकवला.
शाई रबरानं जात नाही, हे दोघांनाही माहीत.
तरी ते घासत राहिले,
कागद केसाळ होईपर्यंत.