डावी मूठ

दिवसभर मी लोकांना सांगते,
मूठ आवळा.
शीर वर आली की सुई,
नळीत रक्त चढू लागलं की हळूच,
आता सोडा सैल.
बिटकोमागच्या लॅबमध्ये रोज साठ-सत्तर मुठी:
द्राक्षांच्या पॅकिंगवरून आलेल्या, चिकट,
नोटप्रेसमधून रिटायर झालेल्या, पेरं गुळगुळीत,
आणि एक तर कायम बसपास धरलेली.

संध्याकाळी रायफल हातात आली
की मला स्वतःला मात्र सोडता यायचं नाही.
मंगल कार्यालयाचं तळघर, दहा मीटर,
वर कुणाची तरी हळद, खाली आम्ही श्वास रोखून.
खैरनार सर म्हणायचे,
पगारे, बंदूक धरतेस की बसची दांडी?

क्लबची ती एकच रायफल,
दस्ता दोन्ही खांद्यांना चालणारा,
पण मूठ उजव्यांची.
तळव्याला उंचवटा हवा तिथे खड्डा,
आणि अंगठ्याच्या खाचेत
कुणा आधीच्याने थापलेलं एम-सील.
त्यात त्याचा ठसा, रेघारेघांसकट.
तीन वर्षं मी त्या अनोळखी अंगठ्याला चुकवत
नेम धरला.

मग सरांनी खोकं उघडलं,
चपलांच्या दुकानात काढतात तशा मुठी काढल्या.
ॲल्युमिनियमची: डिसेंबरात पारा सहावर,
हातात नळाची तोटी धरल्यासारखं.
रबराची: पहिल्या मिनिटाला लाडाची,
विसाव्या मिनिटाला घामाने सरकलेली.
अक्रोडाची, परदेशी, डाव्या हाताचीच, देखणी,
पण तर्जनी ट्रिगरपाशी
अर्धं पेर कमी पडली,
आणि किंमत माझ्या दीड पगाराची.
मऊ म्हणजे आरामाची नव्हे, सर म्हणाले,
आणि खोकं बंद केलं.

शेवटी तिवंध्याकडचे युनूसभाई कोकणी.
करवती, रंधे, गवंड्याच्या थाप्या,
सगळ्यांच्या मुठी तेच करतात.
रायफल नेली नाही. फक्त जुनी मूठ, रुमालात,
आणि बोल्टाचं माप.
मुठीकडे त्यांनी पाहिलंच नाही.
हात दाखव, म्हणाले.
मग मळलेल्या मातीचा गोळा पुढे केला.
डोळे मीट आणि धर.
जोरात नाही. वीज गेल्यावर
जिन्याचा कठडा धरतेस तसं.

मी आवळली. माती बोटांच्या फटींतून वर आली.
परत, ते म्हणाले.
परत.
तिसऱ्यांदा मी स्वतःलाच सांगितलं,
लॅबमधल्याच आवाजात,
आता सोडा सैल.

अकरा दिवस, शिसवाचा एक तुकडा, साडेनऊशे रुपये.
तरी दोनदा परत गेले,
करंगळीखाली थोडं काढा,
अंगठ्यापाशी अजून केसभर.
लाकूड काढता येतं, बेटा, घालता येत नाही,
असं म्हणत कानस हळूच फिरायची,
आणि भुकटी त्यांच्या पांढऱ्या भुवयांवर.

बसवायला काय, एक ॲलन की, एक बोल्ट.
पहिल्या संध्याकाळी गुण तीनने कमी आले.
हाताला करायला काही उरलंच नव्हतं,
तो बावचळला.
मनगट सरळ, चार बोटं नुसती टेकलेली,
एकटी तर्जनी जागी.
सर मागे उभे राहिले आणि बसच्या दांडीचं
काहीच बोलले नाहीत.
आता तीन भरून निघालेत, वर दोन आहेत.
झाकली मूठ वगैरे ठीक,
मी आकडा कुणाला सांगितलेला नाही.

जुनी मूठ लॅबच्या टेबलावर आहे.
आवळायचा रबरी चेंडू फुटला तेव्हापासून
तीच देते मी लोकांच्या हातात.
काल जेलरोडच्या एक आजी,
सुई गेली तरी कळलं नाही त्यांना,
अंगठा त्या खाचेत नीट बसवून
उलटसुलट बघत होत्या.
छान आहे गं ही,
खलबत्त्याला लावता येईल का?